पाण्यातली म्हैस आणि पडद्यावरचा लिलाव

श्रोतेहो, ‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण तुम्हां-आम्हांला नवी नाही. म्हैस डोहात बसलेली आहे. शिंगे आणि पाठ तेवढी वर दिसते आहे. ती लंगडी आहे का, तिची कास कशी आहे, हे काठावरून काहीच कळत नाही. आणि काठावर दोघेजण भाव ठरवीत बसले आहेत. हा सौदा शहाणपणाचा नव्हे, एवढेच म्हणीला सांगायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, असा सौदा करतो कोण? बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो, त्याला चालवतो, गाडीला जुंपून बघतो, आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. खरे आहे. पण तोच माणूस संध्याकाळी मोबाईल हातात घेऊन, चार फोटो बघून, जुना फोन, जुनी पाण्याची मोटर, जुना लॅपटॉप मागवतो. तेव्हा म्हैस पाण्यातच असते. म्हणून आज एवढाच विषय घ्यायचा आहे : इंटरनेटवरच्या लिलावात किंवा जाहिरातीवरून घेतलेली जुनी वस्तू वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर काय करावे, आणि तशी वेळच येऊ नये म्हणून आधी काय करावे.

या बाजाराची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार नावाच्या संगणक-तंत्रज्ञाने इंटरनेटवर लिलावाची एक जागा उघडली. तीच पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यावर अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे लेझर पॉइंटर, फळ्यावर लाल ठिपका पाडणारी कांडी. ती मोडकी होती. जाहिरातीतही ‘मोडकी’ असेच लिहिले होते. तरी ती १४ डॉलर ८३ सेंटला गेली. ओमिड्यारने घेणाऱ्याला पत्र लिहून विचारले, ‘ही मोडकी आहे हे कळले ना?’ उत्तर आले, ‘कळले. मी मोडक्या कांड्याच जमवतो.’ यातला बोध साधा आहे. मोडकी वस्तू विकणे हा गुन्हा नाही. मोडकी वस्तू धडधाकट म्हणून विकणे ही लबाडी. तंटा वस्तूच्या जुनेपणाचा नसतो, वर्णनाच्या खरेपणाचा असतो.

आपल्या देशात ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलावाची जागा होती. २००४ साली ती ईबेने विकत घेतली, आणि २०१८ साली ईबेचे भारतातले दुकान बंद झाले. पण व्यवहार थांबला नाही. आज जुन्या वस्तूंच्या जाहिराती मोबाईलवर येतात, बँका जप्त केलेली वाहने व ट्रॅक्टर इंटरनेटवरच्या लिलावात काढतात, आणि सरकारी खात्यांचे भंगार व जुनी यंत्रे एम.एस.टी.सी. या सरकारी कंपनीमार्फत तशीच विकली जातात.

शिक्षकबंधूंसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे : गाडीत खोट आहे की नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, ‘या भावात मी कशाला विकू?’ आणि तो बाजारातून उठून जातो. मागे राहतात त्या खोटवाल्या गाड्या. म्हणजे एकाच्या खोट्या वर्णनाने सगळ्या प्रामाणिक विक्रेत्यांचे नुकसान होते. या विचाराबद्दल अकरलॉफला २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांबरोबर.

आता आपण एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, एका गावच्या शाळेने लोकवर्गणी काढली. कुणी शंभर दिले, कुणी पन्नास. चौदा हजार रुपये जमले आणि शाळेने मुलांसाठी एक जुना लॅपटॉप मागवला. जाहिरातीत लिहिले होते, ‘उत्तम चालू स्थितीत, मेमरी ८ जीबी, बॅटरी ३ तास.’ खोके आले. उघडून पाहतात तो बॅटरी वीस मिनिटांत उतरते आणि मेमरी निघाली ४ जीबी. हे चौदा हजार एकट्या हेडमास्तरांचे नाहीत, गावाचे आहेत. आता काय?

आधी मागे जाऊन पाहू, खरेदीपूर्वी काय करता आले असते.

पहिली गोष्ट, वर्णनातले शब्द नीट वाचावेत. ‘जवळजवळ नवा’, ‘एकदम झकास’ या शब्दांना माप नाही. त्यावर कुणाला धरता येत नाही. ‘बॅटरी ३ तास चालते’ याला माप आहे. ‘तपासलेले नाही’ असे असेल, तर वस्तू बंद आहे असे समजूनच भाव करावा. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली. कुणी दुरुस्त केली आणि हमी किती महिन्यांची, हे विचारावे. आणि ‘जसे आहे, जिथे आहे’ हे शब्द बँकेच्या किंवा सरकारी लिलावात दिसले, तर ओळखावे की इथे दोषाची जबाबदारी घेणाऱ्याच्या माथी टाकली आहे. अशा लिलावात पाहणीसाठी दिवस दिलेला असेल, तर त्या दिवशी जाणकार मेकॅनिक बरोबर घेऊन जावे. बोली त्यानंतर.

दुसरी गोष्ट, प्रश्न लिहून विचारावेत, फोनवर नव्हे. ‘मेमरी किती? बॅटरी किती वेळ चालते? कधी दुरुस्त केला होता का?’ लेखी उत्तर हे वर्णनाचाच भाग होते. आजची तारीख लिहिलेला कागद वस्तूजवळ ठेवून फोटो मागावा. जो विक्रेता याला टाळाटाळ करतो, त्याच्याजवळ ती वस्तू असेलच असे नाही.

जुना मोबाईल घेत असाल, तर त्यावर *#०६# ही कळ दाबून येणारा पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक मागून घ्या. इंग्रजी अक्षरांत के-वाय-एम, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की त्या फोनची माहिती कळते. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर तो घेणे म्हणजे विकतचे दुखणे. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल असेल, तर नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, हे आधी पाहावे. बोजा असेल, तर तो उतरवल्याचा नमुना ३५ हवा. नाव बदलायला नमुना २९ आणि ३० हवेत. यंत्र चांगले आणि कागद वाईट, हीसुद्धा फसवणूकच.

तिसरी गोष्ट पैशाची. संकेतस्थळाच्या बाहेर, ‘थेट मला पाठवा, पाचशे कमी करतो’ असे कुणी म्हणाले, तर ते पाचशे फार महाग पडतात. आणि एक सूत्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ करून ठेवायला सांगा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पैसे परत पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका’ असे जो म्हणतो, तो पैसे देत नाही, नेतो.

चौथी गोष्ट पुराव्याची. वस्तू विकली गेली की जाहिरात पडद्यावरून नाहीशी होते. म्हणून पैसे देण्याआधीच तिचा स्क्रीनशॉट काढावा. खोके आल्यावर पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून, मध्ये न थांबता, उघडतानाचा व्हिडिओ काढावा. खोके उघडून दाखवण्याची सोय असेल, तर आधी वस्तू पाहावी आणि मगच ओटीपी सांगावा.

आता आपल्या शाळेकडे वळू. सगळे करूनही वस्तू चुकीची आली. पहिला नियम असा, की तिची दुरुस्ती करू नये आणि ती वापरूही नये. ‘आलीच आहे, तर बघू चालवून’ असे म्हणत महिना घालवला, तर वस्तू स्वीकारली असा अर्थ निघतो. त्याच दिवशी विक्रेत्याला लिहावे. रागाचे शब्द नकोत, भांडण नको. मजकूर असा असावा :

‘तुमच्याकडून घेतलेला लॅपटॉप आज मिळाला. जाहिरातीत मेमरी ८ जीबी व बॅटरी ३ तास असे लिहिले होते. प्रत्यक्षात मेमरी ४ जीबी आहे व बॅटरी २० मिनिटांत उतरते. फोटो व व्हिडिओ सोबत आहेत. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यामुळे ती परत घ्यावी आणि पूर्ण रक्कम व परतीचा खर्च द्यावा. सात दिवसांत उत्तर कळवावे.’

पाहा, यात चार गोष्टी आल्या : काय सांगितले, काय आले, पुरावा कोणता, मागणी काय. वस्तू ठेवायचीच असेल, तर ‘किमतीतला फरक द्यावा’ असेही मागता येते. मात्र ‘रंग आवडला नाही’ किंवा ‘दुसरीकडे स्वस्त मिळाला’ ही तक्रार नव्हे. वर्णन आणि वस्तू यांच्यात फरक दाखवता आला पाहिजे.

या मागणीला कायद्याचा आधार आहे, आणि तो जुना आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १५ सांगते, की वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम ४१ प्रमाणे माल न पाहता घेणाऱ्याला तो तपासून पाहायला वाजवी संधी मिळाली पाहिजे. लिलावाबद्दल कलम ६४ आहे : विकणाऱ्याने भाव चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या, तर घेणाऱ्याला तो सौदा रद्द करता येतो.

नव्या काळासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम आले. त्या नियमांप्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची. म्हणून विक्रेता बोलत नसेल, तर दुसरे पत्र या अधिकाऱ्याला. तेथेही दाद लागली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. विक्रेता दिल्लीत असो की बंगळूरला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या पोटापाण्यासाठी मोटर घेतली, तर तो ‘व्यापारी कारण’ या नावाखाली ग्राहकाच्या व्याख्येबाहेर जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

पण एक भेद इथे स्पष्ट सांगितला पाहिजे. विकणारा धंदा करणारा असेल, तर हे सारे लागू. कुणी शेजारगावच्या माणसाने घरातला एकच जुना फोन विकला असेल, तर त्याला ई-कॉमर्सचे नियम लागत नाहीत. तेथे १९३० चा कायदा उरतो, दिवाणी कोर्ट उरते. आणि त्याने मुळातच ठकवण्याच्या हेतूने खोटे सांगितले असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि पोलीस ठाणे. म्हणून अशा माणसाकडून घेताना शक्य तर समक्ष जाऊन, वस्तू चालवून पाहूनच पैसे द्यावेत. बैलबाजाराची रीत इथे पुन्हा कामाला येते.

आणि पैसे गेले, वस्तू आलीच नाही, विक्रेत्याचा फोन बंद झाला, तर ती तक्रार वर्णनाची नाही, चोरीची आहे. तेव्हा पत्रे लिहीत बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी कळवले, तर ते खात्यात अडवता येतात. कायद्याचे साल आणि हा क्रमांक योगायोगाने एकच आहे. लक्षात ठेवायला बरे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीच्या निबंधाच्या तासाला एक पाठ असा घ्यावा. प्रत्येक मुलाने आपली एक वापरलेली वस्तू आणावी : दप्तर, कंपास, छत्री. तिचे खरे वर्णन दहा ओळींत लिहावे. काय चांगले, काय फाटले, काय हरवले, सगळे. मग वस्तू झाकून ते वर्णन दुसऱ्याला वाचायला द्यावे, आणि नंतर वस्तू दाखवावी. कोणाचे वर्णन जुळले, हे वर्गानेच ठरवावे. यात मराठीचा पाठ होईल आणि व्यवहाराचाही. आज जो मुलगा ‘कंपासचे एक टोक मोडले आहे’ असे न लपवता लिहील, तो उद्या विकायला बसला, तर त्याच्या गिऱ्हाईकाला आमच्या या भाषणाची गरज पडणार नाही.