डावा माड, उजवा माड : पानांची मांडणी ठरते कशी?

कोलकात्याहून बराकपूरकडे निघालेल्या बराकपूर ट्रंक रोडवर, बरानगर येथे, भारतीय सांख्यिकी संस्था आहे. जे. बी. एस. हाल्डेन हे जगप्रसिद्ध आनुवंशशास्त्रज्ञ १९५७ साली या संस्थेत आले आणि आकडेमोडीच्या या घरात झाडापानांचा अभ्यासही सुरू झाला. त्याच संस्थेतील टी. ए. डेव्हिस यांनी एक साधा वाटणारा प्रश्न हाती घेतला. माडाच्या झावळ्या खोडाभोवती पेचाने चढत जातात. काही माडांत हा पेच डावीकडे वळतो, काहींत उजवीकडे. एकदा ठरलेली दिशा त्या झाडात बदलत नाही. मग ही दिशा आईकडून येते काय?

डेव्हिस यांनी डाव्या व उजव्या माडांची संतती तपासली आणि १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : पेचाची दिशा आनुवंशिक नाही. डाव्या माडाच्या नारळांतून डावी आणि उजवी अशी दोन्ही रोपे साधारण निम्मी निम्मी निघतात, उजव्याचेही तसेच. पुढच्या अभ्यासात त्यांना डाव्या माडांचे सरासरी उत्पन्न अधिक आढळले. त्यामुळे कोकणातल्या बागायतदाराच्या मनात डावा मातृवृक्ष निवडण्याचा मोह उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. पण जो गुण संततीत उतरतच नाही, त्यासाठी मातृवृक्ष निवडून हाती काय येणार? रोपवाटिकेत लवकर रुजवा, बुंध्याचा घेर, पानांची संख्या आणि पाने लवकर चिरली जाणे, हेच निकष पाहावेत.

दिशा नशिबाची, पण पेच मात्र प्रत्येक माडात असतोच. याचे कारण शेंड्यातल्या वाढबिंदूत आहे. खोडाच्या टोकाशी, कोवळ्या पानांनी झाकलेला, बहुधा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा भाग आहे. त्याच्या कडेवर नव्या पानाचा बारीक उंचवटा येतो. तो कोठे यावा, याचे उत्तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८६८ मध्ये दिले : आधीच्या उंचवट्यांपासून जेथे सर्वांत मोठी मोकळी जागा असेल तेथे. पंगतीत नंतर आलेला माणूस जसा मोकळा पाट पाहून बसतो, तसेच हे.

या नियमामागचे रसायन पुढे टोमॅटोने उलगडले. टोमॅटोच्या शेंड्यात ऑक्झिन या संप्रेरकाची वाहतूक रोखली की पानेच येत नाहीत, खोड सुईसारखे गुळगुळीत वाढत राहते. त्यावर ऑक्झिनचा ठिपका दिला की नेमक्या त्याच जागी पान उगवते. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. उमलू लागलेले प्रत्येक पान आसपासचे ऑक्झिन स्वतःकडे ओढते, म्हणून पुढचे पान त्याच्यापासून दूर, जेथे ऑक्झिन साठते तेथे येते.

एवढ्याच नियमातून इतक्या तऱ्हा निघतात हे आश्चर्य आहे. १९९२ मध्ये दुआदी आणि कूदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे थेंब तेलाच्या थाळीत एकामागून एक सोडले. थेंब एकमेकांना दूर लोटत होते. थेंब सावकाश पडले तेव्हा ते आळीपाळीने समोरासमोर गेले, म्हणजे मका, ज्वारी, ऊस यांच्या पानांसारख्या दोन ओळी. वेग वाढवला तसा पेच तयार झाला आणि लागोपाठच्या दोन थेंबांमधला कोन १३७.५ अंशांजवळ स्थिरावला. थाळीत ना पेशी होत्या, ना जनुके. अमेरिकन कपाशीच्या मुख्य खोडावरही असाच कोन सापडतो : आठ पाने मोजेपर्यंत खोडाभोवती तीन फेऱ्या होतात आणि नववे पान पहिल्याच्या वर येते. हा कोन १३५ अंश भरतो. शेतात दोरा गुंडाळून कोणालाही हे पडताळता येईल.

मग उत्क्रांतीने काय केले? तिने बहुधा कोन घडवला नाही. वाढबिंदूचा आकार आणि नव्या उंचवट्याचे त्याच्याशी असलेले प्रमाण बदलले. मक्याच्या एका उत्परिवर्तित वाणात एकच जनुक निकामी झाले, त्यामुळे वाढबिंदू मोठा झाला आणि एकाआड एक येणारी पाने तुळशी किंवा रुईसारखी समोरासमोर जोडीने येऊ लागली. हे जनुक सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या कामाशी जोडलेले आहे. सूर्यप्रकाश नीट मिळावा म्हणूनच पेच निर्माण झाला, हे पाठ्यपुस्तकी उत्तर त्यामुळे अपुरे वाटते. दोन ओळींची पाने असूनही मका आणि ऊस उत्पादनात कोणाच्या मागे नाहीत, आणि सावलीतले पान देठ लांबवून वा वळवून उजेड गाठतेच.

जीवाश्मही सावध करतात. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात ॲस्टेरोझायलॉन ही पानांची आद्य वनस्पती जतन झाली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या पानांत वर्तुळी मांडणीही आढळली आणि पेचही. पण ते पेच आजच्या बहुतेक झाडांत दिसणाऱ्या १, १, २, ३, ५, ८ या मालिकेतले नव्हते. ही वनस्पती लायकोपोडियमच्या कुळाची. बीजधारी वनस्पतींची पाने वेगळ्या वाटेने विकसित झाली. म्हणजे आज सर्वत्र दिसणारा हा पेच सर्व पानांच्या मूळ पूर्वजाकडून एकदाच मिळालेला वारसा असेल, असे गृहीत धरता येत नाही.

फाळणीपूर्वी ढाक्यात असलेले तागसंशोधन पुढे बराकपूरजवळच्या नीलगंज येथे स्थिरावले. तेथील तागाच्या शेतात हा सगळा विषय पैशाच्या हिशेबात येतो. (महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी गाडतात तो ताग म्हणजे बोरू, बंगालचा ताग, तेथे ज्याला पाट म्हणतात, तो निराळा.) बोरू, पाट आणि अंबाडी या तिन्हींत उगवताना दोन दले समोरासमोर असतात, नंतरची पाने एकाआड एक येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. वाढबिंदू शाबूत असेपर्यंत तो या डोळ्यांना दाबून ठेवतो; दाट पेरणीही त्याला साथ देते, आणि खोड सरळ वाढून लांब तंतू मिळतो. उंटअळी शेंड्याकडची कोवळी पाने खाते. तिने वाढबिंदूच खाल्ला की बगलेतले डोळे फुटतात, खोडाला फांद्या येतात आणि तंतूचा दर्जा उतरतो. वेळेआधी पेरलेल्या पाटात अवेळी फुले आली तरी असाच फांद्यांचा पसारा होतो. म्हणून पाहणीला गेलेल्या कार्यकर्त्याने आधी शेंड्याची पाने उलगडून पाहावीत. त्यानंतर देठांच्या बुंध्याकडे वळावे : एपिऑन नावाचा सोंडकिडा नेमका तेथे खोड टोचून अंडी घालतो, आणि त्या जागी चिकट स्राव सुकून तंतू एकमेकांना धरून बसतात. कुजवल्यावरही ते सुटत नाहीत. अशा तागाच्या लडीवर बोट फिरवले की गाठी लागतात, आणि त्या गाठी ज्या क्रमाने पाने आली होती त्याच क्रमाने खालून वर चढलेल्या असतात.