कंपवात : गोळी घड्याळ पाहून घ्या

हात थरथरू लागला की घरात कंपवाताची चर्चा सुरू होते. पण प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. सही करताना किंवा कप उचलताना हात कापतो, तो बहुधा निराळा कंप असतो. कंपवाताचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना थरथरतो, तोही सुरुवातीला एकाच बाजूचा. काही रुग्णांचा हात तर थरथरतच नाही.

म्हणून मी थरथरीपेक्षा मंदपणा आधी पाहतो. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागणे, अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे. घरची मंडळी ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात! लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, ते रुग्णांचे निरीक्षण करूनच. आजही निदान मुख्यतः तपासणीवरच होते. एमआरआय काढतात तो बहुधा दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी.

येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चक्करेसाठीच्या सिनारिझीन, फ्लुनारिझीन, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड आणि मनोविकारांवरची काही औषधे बरेच दिवस घेतल्यास हुबेहूब अशीच लक्षणे दिसू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बंद केली की बहुतेकांची लक्षणे हळूहळू ओसरतात.

खऱ्या कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते. रोग मुळापासून जात नाही, पण माणूस हिंडता-फिरता राहतो. मात्र आपल्याकडे गोळी म्हणजे जेवणानंतर, असा रिवाज. इथे तो नडतो. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने या औषधाला आतड्यात अडवतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळले तर सोबत साधे बिस्किट चालेल. काही वर्षांनी पुढच्या गोळीआधीच अंग जखडू लागते. अशा वेळी गोळी कधी घेतली आणि अंग कधी जखडले, हे वहीत लिहून आणा. डोस ठरवताना मला त्या वहीचा फार उपयोग होतो.

बरे वाटले किंवा पैसे संपले म्हणून गोळी एकदम बंद करू नका. तीव्र ताप, ताठरपणा, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भरती झालात तरी तिथल्या डॉक्टरांना गोळीच्या वेळा आवर्जून सांगा. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे. पण चूर्णात किती, ते ठाऊक नसते. गोळीच्या जोडीला परस्पर चूर्ण घेतले तर अंगाला वेडेवाकडे झटके येऊ शकतात.

आणि उंबऱ्याशी पाऊल चिकटल्यासारखे झाले, तर रुग्णाला ओढू नका. ‘एक, दोन’ असे मोठ्याने मोजा, किंवा त्याच्यापुढे आपले पाऊल आडवे ठेवून ते ओलांडायला सांगा. बहुतेकदा पाय सुटतो.