कुलूप न फोडता धंदा बंद : डीडॉस हल्ला म्हणजे काय?



जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या काही छोट्या इंटरनेट पुरवठादारांची सेवा एकाएकी रडतखडत चालायला लागली. केबल तुटली नव्हती, कुणी पासवर्ड चोरून आत शिरलं नव्हतं. त्यांच्यावर फालतू डेटाचा लोंढा सोडला होता, बातम्यांनुसार सेकंदाला सुमारे २०० गिगाबिट! प्रकरण सायबर पोलिसांकडे गेलं. अशा हल्ल्याला 'डीडॉस' म्हणतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर, खाडीच्या तोंडाशी शेकडो रिकाम्या होड्या एकदम आल्या. त्यांना ना मासळी उतरवायची, ना बर्फ भरायचा. नुसती गर्दी करायची. मग मासळी घेऊन आलेली खरी बोट बाहेरच अडकते. बंदर शाबूत, पण धंदा बंद.

या रिकाम्या होड्या येतात कुठून? तुमच्या-आमच्या घरातून! २०१६ मध्येच 'मिराय' नावाचा व्हायरस पसरला. सीसीटीव्ही कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर शोधायचे आणि कंपनीकडूनच येणारे साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचे, एवढंच त्याचं काम. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांनी अमेरिकेतल्या 'डिन' कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना उघडेनात. कॅमेरा मात्र नेहमीसारखा चालू, त्यामुळे मालकाला पत्ताच नाही.

बचाव कसा करतात? खाडीचं तोंडच बुजलं तर जेट्टीवरचा रखवालदार काय करणार? म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस इथे पुरत नाही. कचरा वरच, पुरवठादाराच्या किंवा त्याच्याही वरच्या मोठ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये गाळावा लागतो. त्यातही जाळ्याची आस नेमकी हवी. बारीक ठेवली तर खरी गिऱ्हाइकंही अडकतात, मोठी ठेवली तर कचरा आत येतो. दुसरा उपाय म्हणजे एकच साइट अनेक शहरांतल्या सर्व्हरवर ठेवणं, म्हणजे गर्दी वाटली जाते. काहीच जमलं नाही तर पुरवठादार हल्ला झालेला पत्ताच बंद करतो. बाकीची गिऱ्हाइकं वाचतात, पण ती साइट बुडते, म्हणजे हल्लेखोराला हवं तेच होतं.

आपल्या हातात काय आहे?

१) संस्थेच्या ऑफिसातला, बर्फ कारखान्यातला, घरातला कॅमेरा आणि राउटर यांचा पासवर्ड आजच बदला. आधी इंटरनेट काढा, यंत्र बंद करून चालू करा, पासवर्ड बदला, मगच इंटरनेट जोडा. नुसतं बंद-चालू केल्याने मिराय जातो, पण पासवर्ड तोच असेल तर परत येतो.

२) यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट करा. कॉम्प्युटर आणि मोबाइल साफ करायची मोफत साधनं केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडे मिळतात.

३) नवीन जोडणी घेताना पुरवठादाराला विचारा, "डीडॉस झाला तर तुम्ही काय करता?"

४) सगळ्यात महत्त्वाचं. हवामानाची साइट उघडली नाही म्हणजे इशारा नाही, असं समजून बोट सोडू नका. रेडिओ ऐका, व्हीएचएफवर विचारा, बंदरातला बावटा बघा.

साइट उद्या परत चालू होईल. माणूस परत आला पाहिजे.

पोस्ट आपल्या गावच्या ग्रुपवर नक्की पाठवा.