अंडी न उबवणारी आई

कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, हे आपण लहानपणापासून पाहतो. निकोबार बेटांवर मात्र कोंबडीएवढाच एक तपकिरी पक्षी आहे, जो अंड्यांवर कधी बसतच नाही! त्याचे नाव मेगापोड, म्हणजे मोठ्या पायांचा.

या दणकट पायांनी नर-मादी किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळा ओढून मोठा ढीग रचतात. मादी त्यात खोलवर अंडे पुरते. पाला कुजताना जी ऊब निर्माण होते, तिच्यावरच अंडी उबतात. आपल्याकडे शेणाचा उकिरडा आतून गरम लागतो, तसेच हे! सुमारे अडीच महिन्यांनी पिल्लू एकटेच ढीग उकरून बाहेर येते. भरवायला आई नसते. पण अंगावर पिसे असतात, पायांत बळ असते. ते तडक झाडीत पळते.

किनाऱ्यावरचे हे पाळणाघरच आता संकटात आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पुष्कळसे ढीग वाहून गेले. वाचलेल्या पक्ष्यांनी पुन्हा नवे ढीग रचले. मात्र २०२१ मध्ये ग्रेट निकोबारमधील गॅलाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. तेथे मोठे बंदर उभारण्याची योजना आहे. लाटा ओसरल्यावर किनारा परत मिळाला होता. काँक्रीटखाली गेलेला कसा मिळणार?