जांभ्याचा मनोरा

मुदखेडकडच्या माणसाला जुनं बांधकाम म्हटलं की काळा दगड आठवतो. कंधारच्या किल्ल्याचा दगड पावसाला भीक घालत नाही. त्याच नजरेनं मी जुन्या गोव्यात सांत आगुस्तीनच्या मनोऱ्याखाली उभा राहिलो आणि पहिला प्रश्न पडला, हा तांबूस, छिद्राछिद्रांचा जांभ्याचा चिरा 46 मीटर उंच चढवला कसा?

ऑगस्टिनियन संन्यासी गोव्यात आले 1572 मध्ये. टेकडीवरच्या त्यांच्या मठाचं हे चर्च 1602 मध्ये पुरं झालं. दर्शनी भिंतीला दोन मनोरे होते. आज उरलाय तो एकाचा तुकडा, चार मजली. सगळे फोटो काढतात समोरून. मला विचाराल तर जिथं भिंत तुटलीय तिथं जावं, कारण बांधणाऱ्याची रीत तिथंच उघडी पडलीय.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. हत्यारानं सहज तासता येतो. वारा लागला की टणक होतो. असे चिरे चुन्यात बसवून भिंती जाडजूड केल्या आणि मजल्यामजल्याला कमानी सोडल्या, म्हणजे घंटेचा आवाज बाहेर पडावा आणि भारही हलका व्हावा. वरून चुन्याचा गिलावा. तो नुसत्या शोभेचा नव्हे. जांभ्याच्या भिंतीचं ते इरलं. इथल्या पावसात ते सारखं दुरुस्त करावं लागतं, आणि त्याला माणसं लागतात.

माणसंच गेली. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला. 1842 मध्ये चर्चचं कमानदार छत कोसळलं. असं छत भिंतींना बाहेर रेटत असतं आणि बांधूनही ठेवतं. ते गेल्यावर उंच भिंती एकट्या पडल्या. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. घंटा मात्र आधीच हलवली होती. आग्वादच्या किल्ल्यामार्गे ती 1871 मध्ये पणजीच्या चर्चवर चढली, आजही तिथंच आहे.

या पडझडीतही इमारतीचा आराखडा कामी आला. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये शिराझला मारली गेली. ऑगस्टिनियन संन्याशांनी गोव्यात आणलेले तिचे अवशेष इथं मठाच्या सभागृहात, एका खिडकीपाशी ठेवल्याची जुनी नोंद होती. म्हणजे आधी ढिगाऱ्यातून ते सभागृह ओळखायचं, मग ती खिडकी. पुरातत्त्व खात्याला 2004 मध्ये तिथं हाड सापडलं. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या डीएनए तपासणीनं ते राणीचंच असल्याला बळ दिलं, आणि 2021 मध्ये ते जॉर्जियाला सोपवलं गेलं.