दोन अचुंबकांचा चुंबकी सांधा

लँथनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट ही दोन्ही ऑक्साइडे वीजरोधक, चुंबकाशीही त्यांचे नाते नाही. तरी पहिल्याचा थर दुसऱ्यावर चढवला की सांध्यातून वीज वाहू लागते, हे संशोधक ओहतोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवले. वरचा थर मात्र किमान चार एकक-पेशींचा, म्हणजे जेमतेम दीड नॅनोमीटर हवा. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात या सांध्यात चुंबकत्वाच्या खुणा मिळाल्या. त्याच वर्षी ०.२ केल्विनजवळ अतिवाहकताही. एरवी या दोन गुणांचे हाडवैर! २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, अतिक्षीण चुंबकक्षेत्र टिपणाऱ्या स्क्विड सूक्ष्मदर्शकाने एकाच नमुन्यात दोन्ही टिपले. चुंबकी ठिपके मात्र इतस्ततः विखुरलेले. करणी कुणाची, टायटॅनियमपाशी अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची की निसटलेल्या ऑक्सिजनची? त्याच वर्षीच्या एका न्यूट्रॉन-मोजणीत तर चुंबकत्व जवळपास सापडलेच नाही.