वाऱ्याची बाजू ओळखा, किनारा सोडू नका

ओहोटीच्या वेळी पाण्यालगत जी ओली, घट्ट वाळूची पट्टी उघडी पडते, ती वृद्धांच्या चालण्यासाठी निसर्गानेच घातलेली पायवाट होय. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालताना कठीण जमिनीच्या जवळजवळ दुप्पट शक्ती खर्च होते. गुडघे आणि घोटे लवकर थकतात. उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात दवाखाना चालवताना गेली 27 वर्षे मी माझ्या वयस्क रुग्णांना सांगत आलो आहे, की समुद्रकाठी चालायचे तर ओल्या वाळूवरून चाला. अलीकडे मात्र हीच पट्टी आणखी कोणाला तरी हवी असते. मोठा पतंग वाऱ्यावर सोडून लाटांवरून फळीने घसरत जाणारे काइटबोर्डिंगचे खेळाडू याच पट्टीवरून पाण्यात उतरतात आणि येथेच परततात.

गेल्या मोसमातील एक प्रसंग सांगतो. किनाऱ्याचे आणि माणसांचे नाव मुद्दामच घेत नाही. माझ्या रुग्ण असलेल्या 71 वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका संध्याकाळी पाचच्या सुमारास सुनेबरोबर फिरत होत्या. बाहेरून आलेला एक खेळाडू ऐन वर्दळीत आपला पतंग उतरवू लागला. पतंग एकदम झुकला, ताणलेली दोरी बाईंच्या घोट्यात अडकली आणि त्या हातावर पडल्या. मनगटाजवळचे हाड मोडले. खेळाडूने सामान गुंडाळले आणि तो निघून गेला.

प्लास्टर 6 आठवड्यांनी निघाले. मनातली भीती मात्र निघाली नाही. बाईंनी चालणे सोडले. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा रक्तातील साखर वाढलेली होती, गुडघे आखडले होते, झोप उडाली होती. "किनारा आता आमचा राहिला नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. मोडलेल्या हाडापेक्षा हे वाक्य मला अधिक गंभीर वाटले. पडण्याच्या भीतीने चालणे थांबते, चालणे थांबले की स्नायू आणि तोल दोन्ही दुबळे होतात, आणि त्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. वृद्धांच्या आरोग्यातील हे दुष्टचक्र मी अनेक घरांत पाहिले आहे.

हा खेळ चालतो कसा?

आपले रक्षण करायचे तर समोरची गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. काइटबोर्डिंग करणाऱ्याच्या पायाखाली फळी असते आणि कमरेला रुंद पट्टा. त्या पट्ट्यापासून चार-पाच बारीक दोऱ्या 20 ते 25 मीटर अंतरावरील मोठ्या पतंगाला जोडलेल्या असतात. पतंगाचा आकार बहुधा 7 चौरस मीटरपासून 12 चौरस मीटर आणि त्याहूनही मोठा असतो. एकेक दोरी माणसाचे वजन सहज पेलते, आणि ताणलेली असली की नायलॉनच्या मांजासारखी कातडी कापते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून सायंकाळी अचानक वाढलेला वारा कसलेल्या खेळाडूलाही चकवू शकतो.

या खेळाला प्रतिष्ठा आहे, हेही सांगितले पाहिजे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्से येथील समुद्रात, तो प्रथमच खेळला गेला. गोव्यात मोरजी परिसरात तो रुजला, कारण हिवाळा सरता सरता मे महिन्यापर्यंत दुपारी तेथे समुद्राकडून चांगला वारा वाहतो. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा किनाऱ्याकडे धावते. सकाळी हा वारा जवळजवळ नसतो. दुपारनंतर तो जोर धरतो.

अनर्थ घडतो तो बेफिकिरीने: वर्दळीत पतंग चढवणे वा उतरवणे, पतंग तत्काळ निकामी करणारी कळ न तपासणे, किंवा वादळी वाऱ्यात हट्टाने बाहेर पडणे. ऑगस्ट 2008 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे फे वादळाच्या वाऱ्यात एक तरुण पतंगासह उचलला गेला आणि किनाऱ्यावरून फरफटत रस्त्यापलीकडील इमारतीवर आदळला. तो वाचला. त्याच्या वाटेत कोणी वृद्ध असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

मी केलेली सही

त्या अपघातानंतर गावात अर्ज फिरला: किनाऱ्यावर हा खेळ सरसकट बंद करावा. मी रागाच्या भरात सही केली.

चार दिवसांनी या खेळाचे शिक्षण देणारा गावातलाच एक तरुण बोटावरची जखम दाखवायला दवाखान्यात आला. मलमपट्टी होईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "डॉक्टरबाब, त्या काकींना पाडणारा आमच्यातला नव्हता. पण बंदी आली तर आम्हीच जाऊ. तो पुन्हा येईल, आणि तेव्हा त्याला हटकायला किनाऱ्यावर कोणी नसेल."

दुसऱ्या दिवशी तो मला वाळूवर घेऊन गेला. तेथे पाहिले तेव्हा कळले, की भांडणाचे मूळ जागेच्या निवडीत होते. आमच्याकडे दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे सुटलेला पतंग आग्नेयेकडे जातो. पतंग उत्तर टोकाला चढवले जात आणि त्यांच्या वाऱ्याखाली, नेमक्या मधल्या भागात, म्हातारी माणसे चालत. पतंग दक्षिण टोकाला चढवले तर पुढे वर्दळच नव्हती. मी अर्जावरची सही मागे घेतली आणि बंदीऐवजी जागा ठरवून देण्याची मागणी लिहिली. समुद्रकिनाऱ्यासारखी नैसर्गिक संपत्ती सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कमलनाथ खटल्यात मान्य केले. त्या जनतेत पंचविशीचा खेळाडू येतो, तशा एकाहत्तर वर्षांच्या बाईही येतात.

चालणाऱ्यांनी काय करावे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची बाजू. खेळाडूकडे तोंड करून क्षणभर उभे राहा. वारा तुमच्या पाठीवर लागत असेल, तर पतंग तुमच्यापासून दूर जाईल. तुम्ही सुरक्षित बाजूला आहात. वारा तोंडावर येत असेल, तर सुटलेला पतंग तुमच्याच दिशेने येईल. अशा वेळी त्याच्या मागच्या बाजूने वळसा घाला, आणि निदान 50 मीटर अंतर ठेवा.

वाळूवर पसरलेल्या दोऱ्या कधीही ओलांडू नका. त्या क्षणात ताणल्या जातात. जमिनीवरचा पतंग उचलायला जाऊ नका, त्याच्यावर ठेवलेली वाळू झटकू नका, नातवंडांनाही हात लावू देऊ नका. पतंग सुटून येत असेल तर दोरी धरण्याचा मोह टाळा आणि बाजूला व्हा.

वयानुसार बाजूचे दिसणे कमी होते, आणि वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. श्रवणयंत्र असेल तर वाऱ्याची घरघर वाढते. म्हणून सोबतच्या माणसाने समुद्राच्या बाजूने चालावे आणि लक्ष पतंगांवर ठेवावे. शक्य असेल त्यांनी सकाळची वेळ निवडावी. मात्र सगळ्यांना ते जमत नाही. सकाळी सांधे आखडलेले असतात, घरची माणसे कामाच्या घाईत असतात, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चालणे धोक्याचे असते. म्हणून संध्याकाळचा हक्क सोडून देण्याचे कारण नाही.

अपघात झालाच तर

पडलेल्या माणसाला घाईने उठवू नका. खुब्यात किंवा मांडीत तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी असते. त्यांना उभे करू नका, पायाला आधार द्या आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दोरीने कापले असेल तर स्वच्छ कापडाने सतत 10 मिनिटे दाबून धरा. मधे मधे उघडून पाहू नका.

डोक्याला मार लागला असेल आणि वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, अपिक्साबान अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर माणूस बरा दिसत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. वृद्धांमध्ये मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळूहळू होतो. लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. वाढती डोकेदुखी, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे यांना म्हातारपण समजून सोडून देऊ नका. औषधांची यादी फिरताना खिशात असावी.

रापणीचा धडा

किनारा वाटून घेणे आमच्या भागाला नवीन नाही. रापण ओढली जात असताना दोरांच्या मधे कोणी जात नाही. त्यासाठी फलक लागत नाही. मोरजीला कासवांच्या विणीच्या काळात अंड्यांची जागा राखून ठेवली जाते. मासेमारी, कासव, पोहणारे, चालणारे यांनी एकाच वाळूवर राहायचे तर प्रत्येकाने दुसऱ्याची वेळ आणि जागा ओळखावी लागते. काइटबोर्डिंग करणाऱ्यांनी हाच रिवाज शिकायचा आहे: मोकळ्या जागी पतंग चढवावा, पोहणाऱ्यांना वाट द्यावी, आणि आपल्यातल्या बेफिकीर माणसाला आपणच थांबवावे. त्याच्या एका चुकीने सगळ्यांचा किनारा बंद होऊ शकतो.

आमच्याकडे आता पतंग दक्षिण टोकाला चढतात. लेखी आदेश अजून नाही. तरुणांनीच बांबूला कापड बांधून हद्द दाखवली आहे. कधी एखादा नवखा ती मोडतो, तेव्हा शिक्षक धावत जातात किंवा जीवरक्षकाला सांगतात. बाईंना मी प्रथम घराच्या अंगणात चालायला लावले, मग तोल सुधारण्याचे व्यायाम दिले. फेब्रुवारीत त्या काठी घेऊन सुनेबरोबर पुन्हा ओल्या वाळूवर आल्या. थोडे चालल्यावर थांबल्या, पतंगांकडे तोंड केले, पाठीवर वारा लागतो आहे ना, हे पाहिले, आणि पुढे निघाल्या.